मीरासाबच्या पोटाचा गेरू

मामलेदाराचं पोट सुटलं तर त्याचा रुबाब वाढतो. आचाऱ्याचं सुटलं तर जेवणावळीचा भरवसा वाढतो. फौजदाराचं सुटलं तर लोक दोन पावलं आधीच बाजूला होतात. पण आमच्या मीरासाबचं पोट सुटलं आणि ते त्याच्या जिवावर बेतलं, कारण मीरासाब साठमार होता.

साठमारी हा खेळ आता कुणी खेळत नाही, म्हणून सांगावं लागतं. शाहू महाराजांच्या राज्यात कोल्हापुरात तो व्हायचा. माजावर आलेला हत्ती मैदानात सोडायचा, आणि पाच-सहा माणसांनी पायी जाऊन त्याला डिवचायचं. रंगीत फडकी नाचवायची, आरोळ्या द्यायच्या, आणि हत्ती अंगावर आला की जीव घेऊन पळायचं. मैदानात दगडी बुरूज असायचे. बुरुजाला एका बाजूला दीड वीत रुंदीची फट, दुसऱ्या बाजूला तशीच दुसरी. साठमार एका फटीतून अंग आडवं करून आत शिरायचा, हत्ती बाहेर सोंड आपटत बसायचा, तोवर साठमार पलीकडून बाहेर येऊन त्याला वाकुल्या दाखवायचा. हत्ती मोठा आणि फट लहान, एवढ्यावरच तो खेळ उभा होता. माणूसही मोठा झाला तर मग खेळ कसला!

हे सगळं मला माझ्या आत्यानं, बाळाबाईनं सांगितलं. ती मीरासाबच्या समोरच्या घरात नांदली. तिच्या सांगण्यात तिखटमीठ किती होतं हे मी कधी विचारलं नाही. कोल्हापुरात तिखटाशिवाय कुणी काही वाढत नाही, हे मला ठाऊक आहे.

तर मीरासाब तरणाबांड होता तेव्हा काडीसारखा होता. फटीतून असा जायचा की हत्तीला वाटायचं, माणूस हवेत विरघळला. म्हणून लाल पटका त्याच्या डोक्याला होता. लाल पटकेवाला साठमार मैदानात पहिला उतरायचा आणि हत्तीला पहिली हाळी द्यायचा. लोक त्याच्याच नावानं ओरडायचे. मीरासाबला दुसरी कसली हौस नव्हती. विडी नाही, पत्ते नाहीत. तो लाल पटका मात्र तो रोज स्वतःच्या हातानं धुवायचा, बायकोलासुद्धा हात लावू द्यायचा नाही.

लग्न झालं ते खैरुनबीशी. तिच्या हाताला चव होती, ती इतकी, की तिच्या चुलीवर नुसतं पाणी तापलं तरी गल्ली वास घ्यायची. लग्नाच्या पहिल्याच वर्षी ती साठमारी बघायला गेली. त्या दिवशी चमन नावाच्या साठमाराचा पाय हत्तीखाली आला. त्यानंतर खैरुनबी मैदानाकडे फिरकली नाही. खेळाच्या दिवशी ती घरात चुलीपुढं बसायची, आणि मैदानातली आरोळी गल्लीपर्यंत ऐकू यायची तेवढी ऐकायची.

आता पोट कुणी वाढवलं? गल्लीनं. खेळाच्या आदल्या दिवशी खैरुनबी घरोघर जायची आणि म्हणायची, "बाई, ह्यांच्यासाठी देवाला काय तरी बोला." मग कुणी जोतिबाला बोलायचं, कुणी अंबाबाईला, कुणी बाबूजमालच्या दर्ग्याला. नवस सगळ्यांचा एकच: मीरासाब धड घरी आला तर आमच्या घरचं गोड त्याच्या तोंडात पडेल. मीरासाब दर वेळी धड घरी यायचा. मग तानाबाईचे अनारसे, बयाबाईची लापशी, शमशादचा मलिदा, आत्याच्या पुरणपोळ्या. नवसाचं नाकारायचं नाही, फेकायचं नाही आणि जनावराला घालायचं नाही, असा नियम. तो जीव वाचवायचा, आणि वाचवल्याबद्दल खायचा, आणि खाल्ल्यामुळं पुढच्या वेळी वाचणं अवघड व्हायचं. गल्लीतल्या सोळा बायकांपैकी एकीच्याही हे ध्यानात आलं नाही. आत्या म्हणायची, "आमी काय मोजत हुतो व्हय? देवाचं हुतं त्ये."

आठ वर्षं गेली. शिमग्याच्या खेळात मोगऱ्या हत्ती मागं लागला, मीरासाब फटीत शिरला आणि निम्म्यात थांबला. त्यानं एक श्वास सोडला, दुसरा सोडला, तिसरा सोडल्यावर आत गेला. अंगरख्याची मागची बाजू मात्र बाहेर राहिली. ती मोगऱ्यानं सोंडेनं ओढून स्वतःच्या डोक्यावर घेतली. लोकांना वाटलं, हा खेळाचाच भाग आहे. टाळ्या पडल्या.

हत्तीखान्याचा जमादार फक्रुद्दीन मात्र टाळ्या वाजवत नव्हता. त्यानं मीरासाबला बाजूला घेतलं.

"मीरासाब, तिसरा श्वास कुठनं काढलास?"

"पोटातनं, जमादारसाब."

"चौथा लागला आस्ता तर?"

मीरासाब अंगरख्याचं फाटकं टोक चाचपू लागला.

"दसऱ्याच्या आदी गेरू हाय," जमादार म्हणाला. "लागला तर पटका काढून ठेवायचा आनि कोठीवर बसून कडब्याच्या पेंढ्या मोजायच्या. म्या आता तुजी हाडं गोळा करनार न्हाय."

गेरूची परीक्षा साधी होती. बुरुजाच्या फटीला दोन्ही अंगांनी ओला गेरू फासायचा आणि साठमारानं उघड्या अंगानं त्यातून जायचं. पाठीपोटाला तांबडं लागलं तर नापास. त्यात वशिला चालायचा नाही.

मीरासाब घाबरला. हत्तीला कधी घाबरला नव्हता तेवढा कोठीला घाबरला. कोठीवर म्हातारे बसायचे.

आधी तो त्र्यंबकशास्त्री वैद्यांकडं गेला. शास्त्रीबुवांनी नाडी बघितली, जीभ बघितली, आणि पोट बघायची गरज पडली नाही, ते आधीच ओसरीवर आलं होतं.

"पोटाचे चार भाग समजा," ते म्हणाले. "दोन भाग अन्न, एक भाग पाणी, एक भाग मोकळा."

"दोन भागांत भाकरी किती बसत्यात, शास्त्रीबुवा?"

"सगळं पोट भरायला किती लागतात ते सांगा, त्याच्या निम्म्या."

मीरासाबनं बराच वेळ विचार केला. "सगळं पोट भरल्यालं कदी बघितलं न्हाय," तो म्हणाला.

शास्त्रीबुवांनी हात जोडले.

मग तो तालमीत गेला. वस्तादानं पाचशे बैठका सांगितल्या आणि मीरासाबनं त्या काढल्याही. पण बैठका झाल्या की वस्ताद खुराक द्यायचा: दूध, बदाम, तूप. कोल्हापुरात माणसानं अंग मोडून मेहनत केली आणि त्याला कुणी दूध पाजलं नाही, असं घडत नाही. महिनाभरानं पोट होतं तिथंच होतं, फक्त आधी मऊ होतं ते आता टणक झालं. मऊ पोट फटीत निदान दबत तरी होतं.

शेवटी जमादारालाच दया आली. त्यानं तीस वर्षं हत्ती जाडे केले होते आणि बारीकही केले होते. तो म्हणाला, "हत्ती उतरवायचा आसंल तर म्या काय करतो? रतीब कमी आनि चाल जास्त. वैद बोलवतो व्हय? तू तेवढा हत्तीपरास नाजूक लागून गेलास काय?"

आणि त्यानं हत्तीखान्याच्या फळीवर, जिथं हत्तींचा रोजचा रतीब खडूनं लिहिलेला असायचा, तिथं मोगऱ्याच्या खाली एक ओळ वाढवली: 'मीरासाब. जोंधळ्याच्या भाकरी दोन सकाळी, एक सांजचं. पालेभाजी हवी तेवढी. ताक. गूळ, तूप, गोडधोड बंद. चाल: कळंबा.'

कळंब्याच्या तळ्याकडं पावसाळ्यात ओला चारा चांगला मिळायचा. मोगऱ्याला तिकडं न्यायचं आणि त्याच्या पाठीवर चारा लादून आणायचा, हे काम माहुताचं. मीरासाबनं ते माहुताबरोबर करायचं, पण पायी. मोगऱ्या माजावर नसला की फार गरीब हत्ती. तो त्याच्या चालीनं निवांत चालायचा. पण हत्तीची निवांत चाल म्हणजे माणसाला पळच. जाताना मीरासाब मागं पडायचा, मग मोगऱ्या थांबायचा, वळून बघायचा आणि एक उसासा टाकायचा. ज्याच्यापुढं मीरासाब इतकी वर्षं वाकुल्या दाखवत नाचला, तो हत्ती आपल्यासाठी उसासे टाकतो, हे मीरासाबला फार लागलं. त्या रागानंच तो पळायला लागला.

पहिले पंधरा दिवस वाईट गेले. एका सकाळी तो चिखलात बसला आणि म्हणाला, "मला इथंच सोडा, चाऱ्यावर जगतो." माहुतानं मोगऱ्याला खूण केली आणि मोगऱ्यानं सोंडेनं ढुंगणाला रेटा देऊन त्याला उभा केला. पण श्रावण लागला तेव्हा तो हत्तीच्या बरोबरीनं चालत होता. लुंगीची गाठ चार बोटं आत आली होती. आणि त्याला एक शोध लागला होता, की तिसरी भाकरी खाल्ली नाही तर माणूस मरत नाही, नुसता चिडतो.

घरी मात्र वेगळंच चाललं होतं. मीरासाब ताटावरून उठला की खैरुनबीचा चेहरा उतरायचा. "एकच? आजारी पडलाईसा काय?" ती विचारायची. "हात बिघडला काय माजा?" तो म्हणायचा, "न्हाय गं, दसऱ्याचा गेरू हाय." ती थेट समोर आत्याकडं जायची आणि डोळ्यांना पदर लावायची. "बाळाबाई, ह्यांची भूक गेली. कुनाची नजर लागली काय की."

झालं. गल्ली हादरली. खाता माणूस खायचा थांबला, म्हणजे करणी. बायका नवे नवस बोलल्या, मीरासाबची भूक परत येऊ दे म्हणून. आणि तानाबाईनं डोकं चालवलं, की देव कधी ऐकंल आणि कधी नाही, आपण नवस आधीच फेडून टाकू. म्हणजे देवाला मागं हटायला जागा नाही. मग रोज सकाळी मीरासाब कळंब्याला निघाला, की दारादारातून एकेक डबा त्याच्या हातात पडायचा. अनारसे. मलिदा. लापशी. नाकारायचं नाही, फेकायचं नाही, जनावराला घालायचं नाही.

मीरासाबनं नियम पुन्हा पुन्हा आठवून बघितले. पिराजीला घालायचं नाही, असं त्यात कुठंच नव्हतं.

पिराजी हा दोन नंबरचा साठमार. वाळक्या शेंगेसारखा माणूस. मीरासाबला गेरू लागला तर लाल पटका त्यालाच मिळायचा, त्यामुळं तो सकाळ-संध्याकाळ मीरासाबच्या पोटाची चौकशी करायचा. मीरासाबनं त्याच्यापुढं पहिला डबा ठेवला तेव्हा तो जरा कचरला. "मलिदा मुसलमानाच्या घरचा न्हवं?" तो म्हणाला. पण पिराजीची जातपात वास येईपर्यंतच टिकायची. त्यानं डबा चाटूनपुसून परत दिला आणि विचारलं, "उद्याच्याला काय हाय, मीरासाबभाऊ?"

मीरासाबच्या मनात कपट नव्हतं, असं आत्या शपथेवर सांगायची. मला तेवढी खात्री नाही. निदान भादव्यापर्यंत तरी त्याला दिसत असणार, की पिराजीचा अंगरखा आता शिवणीशिवणीत करकर आवाज करत होता.

गेरूचा दिवस आला. मीरासाब उघड्या अंगानं फटीपुढं उभा राहिला आणि अंग आडवं करून आरपार गेला. पलीकडं जमादारानं त्याला उजेडात गरागरा फिरवून बघितलं. पोट कोरडं, पाठ कोरडी. हत्तीखान्यात इतका गलका झाला की मोगऱ्यानं चारा सोडून बघितलं. पिराजीची परीक्षा घ्यायचं कुणाला सुचलंच नाही. पिराजी बारीक आहे हे सगळ्या कोल्हापूरला ठाऊक होतं. वाळक्या शेंगेचं माप कोण घेतं?

दसऱ्याच्या खेळाला मैदान खच्चून भरलं होतं. मोगऱ्या माजावर होता, आणि माजावर आला की तो कळंब्याची ओळखदेख सगळी विसरायचा. मीरासाबनं लाल पटका बांधला, पहिली हाळी दिली, मोगऱ्या अंगावर आला आणि मीरासाब फटीतून असा गेला की म्हाताऱ्या माणसांना त्याची लग्नाआधीची वर्षं आठवली. मग पिराजीची पाळी आली. त्यानं हिरवं फडकं नाचवलं, मोगऱ्या वळला, पिराजी पळाला, फटीत शिरला आणि तिथंच राहिला.

त्यानं श्वास सोडला. पहिला, दुसरा, तिसरा. चार महिन्यांचे अनारसे श्वासानं जात नाहीत. डोकं नि एक पाय आत, बाकीचा पिराजी मैदानात. "आई गं, मेलो!" तो ओरडला. आणि मोगऱ्या शेपूट उभारून निघाला.

मीरासाब दुसऱ्या बुरुजात सुखरूप होता. तो तिथंच थांबला असता तर त्याला कुणी नाव ठेवलं नसतं. पण तो बाहेर आला. पटका सोडून त्यानं हातात धरला आणि मोगऱ्याच्या डोळ्यांपुढून आडवा पळाला. मोगऱ्या वळला. मग मीरासाबनं त्याला सगळ्या मैदानाचा फेरा मारायला लावला. एक फेरा, दोन फेरे, तीन. तिसऱ्या फेऱ्याला मोगऱ्याला धाप लागली आणि मीरासाबला लागली नाही. तोवर बाकीच्या साठमारांनी पिराजीचे हातपाय धरून, बाटलीचं बूच उपसावं तसा त्याला ओढून काढला. असली आरोळी त्या मैदानात पूर्वी कधी उठली नव्हती. ती गल्लीत ऐकू गेली.

संध्याकाळी मीरासाब घरी आला तेव्हा भाकरीची चवड चुलीपासून त्याच्या छातीपर्यंत आली होती. खैरुनबी अजून थापतच होती.

याच वेळी आत्या पुरणपोळ्यांचं ताट घेऊन त्यांच्या दारात पोचली. नवराबायकोचं बोलणं ऐकू नये म्हणून ती लगेच मागं फिरली, असं ती सांगायची. पण मग पुढचं सगळं तिला शब्दन् शब्द कसं ठाऊक, हे मी तिला कधी विचारलं नाही.

"एवढ्या कुनासाठी?" मीरासाबनं विचारलं.

"आरोळी आली की म्या एक थापते," खैरुनबी म्हणाली. "हात गप ऱ्हात न्हाई. आज लई आल्या."

"अगं, जमादारसाबनी पाठ थोपटली माजी. म्हनले, पटका आता जलमभर तुजाच."

खैरुनबीनं हातातला उंडा परातीत टाकला आणि ती रडायलाच लागली. "आठ वर्सं," ती म्हणाली. "आठ वर्सं लागली मला तुमास्नी वाडवायला. आनि तुमी चार म्हैन्यांत उतरून आलासा!"

मीरासाबला काही समजेना.

"चमनचा पाय बघितला त्या दिसापास्नं," ती म्हणाली. "त्याच रातीला तुमीच हासत सांगितलंत की, जाड्या मानसाला जमादार मैदानात घेत न्हाई. तवाच म्या पळी मोटी केली. आनि माज्या एकटीच्या हातानं व्हईना म्हनून गल्लीला नवस बोलायला लावलं. रागवा आता. पन मला दर खेळाला इथं बसून भाकरी थापायच्या न्हाईत. माजा जीव जातो, अवं."

मीरासाबनं त्या चवडीकडं बघितलं. एकेक आरोळी त्यानं मैदानात ऐकली होती, आणि प्रत्येक वेळी त्याची छाती फुगली होती. ती आरोळी या घरात येऊन कशी पडते, हे त्याला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. त्याला फार वाईट वाटलं. तो तिच्याशेजारी बसला आणि त्यानं वरची एक भाकरी घेतली.

रतीब मात्र त्यानं मोडला नाही. दसऱ्यानंतरही तो मोगऱ्याबरोबर पायी कळंब्याला जात राहिला.

पौषात पुन्हा खेळ ठरला आणि पुन्हा गेरू आला. या वेळी जमादारानं पिराजीला आधी घातला. पिराजी पाठीपोटानं तांबडालाल होऊन निघाला आणि फळीवर मोगऱ्याच्या खालच्या ओळीत मीरासाबचं नाव पुसून त्याचं नाव लागलं. मग मीरासाब पुढं झाला. दसऱ्यापेक्षा तो आणखी बोटभर बारीक झाला होता. फटीपुढं त्यानं अंग आडवं केलं, एक लांब श्वास घेतला आणि आत शिरला.

पलीकडं निघाला तेव्हा पोटावर हातभर तांबडा पट्टा होता.

तीस वर्षं हत्तींची पोटं बघितलेला जमादार त्याच्याकडं बघत राहिला. "मीरासाब," तो म्हणाला, "श्वास सोड की."

"सोडलाय, जमादारसाब," मीरासाब म्हणाला. गाल फुगलेले होते, त्यामुळं शब्द नाकातून आले.

जमादारानं हात पुढं केला. मीरासाबनं लाल पटका सोडला, घडी घातली आणि त्याच्या हातात दिला. तेव्हा कुठं त्यानं श्वास सोडला.

तो घरी आला तो उघड्या अंगानं. भर दिवसा, सगळ्या पेठेतून, थंडीत कुडकुडत. लोक विचारत होते, "काय रं मीरासाब, काय झालं?" आणि तो पोट पुढं काढून सांगत होता, "नापास झालो, नापास!" त्याच्या तोंडावरचा आनंद बघून आत्याला वाटलं, हा खुळा झाला. खैरुनबी दारात आली, तिनं तो पट्टा बघितला आणि उंबऱ्यावरच बसली.

अंघोळीचं पाणी तापलेलं होतं. पण पोटाला लागलेला तो गेरू तिनं त्याला तीन दिवस धुऊ दिला नाही.